मूळ तारखांसह मोठ्या फायलींचे स्थलांतर: एक प्रकरण अभ्यास

## पार्श्वभूमी

मुलाखती, व्याख्याने आणि कार्यक्रमांची चित्रीकरणे जपणाऱ्या एका छोट्या विभागातले हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, तांत्रिक घटनाक्रम मात्र आहे तसा ठेवला आहे.

संग्रह एका जुन्या लिनक्स सर्व्हरवर, ईएक्सटी४ फाइल प्रणालीवर (डिस्कवर फायली मांडण्याची लिनक्सची एक पद्धत) होता. बऱ्याच फायली काही दहा जीबींच्या होत्या, काही शंभर जीबींच्या पुढे जाणाऱ्या. सर्व्हरच्या डिस्का थकल्या होत्या आणि जागाही संपत आली होती. म्हणून सगळा संग्रह नव्या नेटवर्क साठवणीवर हलवायचे ठरले. ही साठवण जुन्या सर्व्हरला एसएमबी शेअर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचे सामायिक फोल्डर, म्हणून जोडली होती आणि संपादक ती आपापल्या विंडोज यंत्रांवरून उघडणार होते.

फायलींची नावे कॅमेऱ्याने दिलेली होती. नवे कार्ड टाकले की क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे, त्यामुळे ‘क्लिप ०००१’ या नावाच्या फायली पंधरा फोल्डरांत सापडत. जुन्या कॅमेऱ्यांची कार्डे फॅट३२ पद्धतीची. तिथे एक फाइल ४ जीबीपर्यंतच वाढू शकते, म्हणून तासाभराची एकच मुलाखत अनेक तुकड्यांत पडलेली असे. कोणता तुकडा आधी आणि कोणता नंतर, हे संपादक फाइलच्या तारखेवरून लावत.

तारखेवर आणखी दोन यंत्रणा अवलंबून होत्या. ९० दिवस न बदललेल्या फायली टेपवर पाठवणारे एक स्वयंचलित काम रोज चालायचे. रात्रीचा बॅकअप आकार आणि तारीख बघून कोणती फाइल पुन्हा घ्यायची ते ठरवायचा. म्हणजे तारखेचे तीन ग्राहक होते. तरी स्थलांतराच्या टिपणात तारखेचा उल्लेख नव्हता. ‘सर्व फायली बिनचूक पोहोचल्या पाहिजेत’ एवढेच वाक्य होते, आणि बिनचूक म्हणजे आतला मजकूर बिटन्‌बिट सारखा, असा त्याचा अर्थ सगळ्यांनी धरला.

## पहिली स्क्रिप्ट

स्क्रिप्ट पायथनमध्ये लिहिलेली होती. मूळ फाइल ६४ केबीच्या तुकड्यांत वाचायची, तो तुकडा पलीकडे लिहायचा, जाता जाता चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, काढायचा आणि किती टक्के काम झाले ते पडद्यावर दाखवायचे. फाइल संपली की नवी प्रत पुन्हा वाचून तिचा चेकसम मूळ चेकसमशी ताडायचा आणि नोंदवहीत एक ओळ लिहायची.

या कामात मजकुराची काळजी उत्तम घेतली होती, हे मान्य करायला हवे. तयार आज्ञा सोडून वाचण्या-लिहिण्याचे स्वतःचे चक्र (लूप) लिहिण्यामागे कारणही होते. शंभर जीबीची फाइल जात असताना काम चालू आहे की अडकले, हे कळायला हवे होते आणि चेकसमसाठी मूळ फाइल दुसऱ्यांदा वाचायची नव्हती.

जागेची चणचण असल्याने, एखाद्या फोल्डरमधल्या सगळ्या फायलींचे चेकसम जुळले की जुन्या सर्व्हरवरचे ते फोल्डर पुसले जाई. पुढची सगळी गुंतागुंत याच निर्णयातून आली.

## अडचण कशी उघड झाली

पहिली खूण टेपच्या कामात दिसली. रोज काही ना काही टेपवर जाणारी रांग रिकामी राहू लागली. ते काम पाहणाऱ्याला वाटले की स्थलांतरामुळे तात्पुरते थांबवले असेल. त्याच दिवसांत रात्रीचा बॅकअप फुगला, पण नवी साठवण जोडली असल्याने तेही अपेक्षितच वाटले. शेवटी एका संपादकाने तुकडे तारखेप्रमाणे लावले तेव्हा सगळे एकाच रात्रीचे निघाले. क्रम तर बरोबर दिसत होता, कारण स्क्रिप्टने नावाच्या क्रमाने फायली हलवल्या होत्या. पण दोन कार्डांचे तुकडे एकाच फोल्डरात होते, तिथे एका वक्त्याच्या मध्येच दुसरा वक्ता बोलू लागला.

कारण साधे आहे. फाइलचा मजकूर आणि फाइलची तारीख वेगवेगळ्या जागी राहतात. तारीख मजकुरात नसते, ती फाइल प्रणालीच्या नोंदीत, लिनक्सवर आयनोडमध्ये असते. चक्र लावून बाइट लिहिले की पलीकडे नवी फाइल जन्माला येते आणि तिची तारीख लिहिण्याच्या क्षणाची असते. चेकसम फक्त मजकूर पाहतो, म्हणून तो जुळणारच. नोंदवहीत सगळीकडे ‘ठीक’ होते आणि ते खरेही होते.

## घाईतली दुरुस्ती आणि अर्धवट यश

पहिला उपाय त्याच दिवशी झाला. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली: मूळ फाइलचा एम-टाइम, म्हणजे मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ, वाचायची आणि ओएस मॉड्यूलमधील यूटाइम या फंक्शनने नव्या फाइलवर लावायची. चार-पाच फायलींवर चाचणी घेतली, तारखा बरोबर आल्या, काम पुन्हा सुरू झाले.

दुसऱ्या सकाळी बहुतेक तारखा योग्य होत्या. काही चुकीच्या होत्या. त्या का चुकल्या याचा काही मेळ लागेना. लहान आणि मोठ्या, जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रकारच्या फायली त्यात होत्या. संशय आधी नेटवर्कवर गेला, मग नव्या साठवणीवर, मग विषाणूरोधक प्रणालीवर. अशा वेळी बाहेरच्या गोष्टींवर संशय घेणे सोयीचे असते, कारण स्क्रिप्ट तर ‘बहुतेक वेळा’ चालत असते.

दोष त्या एका ओळीच्या जागेत होता. ती ओळ स्क्रिप्टच्या, फाइल उघडी ठेवणाऱ्या खंडाच्या आत, म्हणजे फाइल बंद होण्यापूर्वी चालत होती. पायथन लिहायचा मजकूर एका छोट्या बफरमध्ये साठवतो. पायथनच्या बऱ्याच आवृत्त्यांत हा बफर अनेक प्रणालींवर ४ किंवा ८ केबीचा असतो. ६४ केबीचा पूर्ण तुकडा बफरपेक्षा मोठा असल्याने तो थेट पुढे जातो. शेवटचा तुकडा मात्र कितीही लहान असू शकतो. तो बफरपेक्षा लहान असला तर बफरमध्येच बसून राहतो आणि फाइल बंद होताना लिहिला जातो. तोवर तारीख लावून झालेली असते. मग हे शेवटचे लेखन एम-टाइम पुन्हा ‘आत्ता’वर आणून ठेवते.

म्हणजे तारीख टिकणार की नाही, हे फाइलच्या आकाराला ६४ केबीने भागल्यावर बाकी किती उरते त्यावर ठरत होते. बफर ८ केबीचा धरला तर ढोबळमानाने आठातली एक फाइल या दोषात सापडणार. चार-पाच फायलींच्या चाचणीत हे न दिसण्याची शक्यता चांगलीच होती. चुकलेल्या फायलींचे आकार काढून भागाकार केल्यावर संशयाला जागा उरली नाही: प्रत्येकाची बाकी लहान होती.

ओळ खंडाबाहेर आणली की हा दोष जातो. पण इथे गटाने काम थांबवले, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तोच होता. आता फायली चार प्रकारच्या झाल्या होत्या: अजून न हललेल्या; हललेल्या, तारीख बरोबर; हललेल्या, तारीख चूक, पण मूळ अजून जागेवर; आणि हललेल्या, तारीख चूक, मूळ पुसलेले.

## आधी यादी

जुन्या सर्व्हरवर जे काही शिल्लक होते, त्या सगळ्याची यादी करण्यात आली: फाइलचा मार्ग, आकार, एम-टाइम आणि चेकसम. फाइल नुसती वाचल्याने एम-टाइम बदलत नाही. बदलू शकतो तो ए-टाइम, म्हणजे शेवटच्या वाचनाची वेळ, आणि लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत तोही प्रत्येक वाचनाला नोंदवला जात नाही. त्यामुळे चेकसमसाठी सगळे वाचणे सुरक्षित होते.

एम-टाइम नॅनोसेकंदांच्या पूर्णांकात घेतला गेला. पायथन तो दशांश संख्येतही देतो, पण आजच्या तारखांसाठी त्या संख्येत दोन शेजारच्या किमतींमध्ये सुमारे २४० नॅनोसेकंदांचे अंतर पडते. चित्रीकरणासाठी हा फरक नगण्य आहे. तरी ज्या यादीवर पुढची तुलना उभी राहणार ती पहिल्याच पायरीला ढोबळ करण्यात अर्थ नाही.

नव्या साठवणीवरही तशीच यादी घेतली, चुकीच्या तारखांसकट. दुरुस्ती बिघडली तर निदान आधीची स्थिती माहीत असावी, एवढाच तिचा हेतू होता.

## विचारात घेतलेले पर्याय

उरलेल्या फायलींसाठी पाच मार्ग चर्चेत होते.

लिनक्सची सीपी आज्ञा, पी पर्यायासह: तारखा जपते, मजकूर लिहून झाल्यावरच लावते, शिकण्यासारखे काही नाही. गटातल्या एकाने तिला यू पर्याय जोडायचे सुचवले, म्हणजे काम अडून पुन्हा चालवले तर फक्त नव्या फायली जातील. इथे एक मोठा सापळा आहे. यू पर्याय ‘मूळ फाइल पलीकडच्यापेक्षा नवी असेल तरच कॉपी कर’ असे सांगतो. वीज जाऊन ९० जीबीची फाइल अर्ध्यात तुटली, तर त्या अर्धवट फाइलची तारीख तुटण्याच्या क्षणाची, म्हणजे मूळ फाइलपेक्षा नवीच असणार. दुसऱ्या खेपेला सीपी तिला हातही लावणार नाही. सूचना मागे घेतली गेली.

आरसिंक: फायली हलवणारी ही आज्ञा प्रत्येक फाइल आधी तात्पुरत्या लपलेल्या नावाने लिहिते, तारीख लावते आणि मग खरे नाव देते. नाव बदलल्याने फाइलचा एम-टाइम बदलत नाही. त्यामुळे खऱ्या नावाने दिसणारी फाइल पूर्ण असते आणि तारीखही योग्य असते. दुसऱ्या खेपेला ती आकार आणि एम-टाइम ताडून पुढे सरकते. अट एकच: टी पर्याय हवा. तो नसेल तर तारखा जपल्या जात नाहीत आणि पुढच्या खेपेला सगळ्याच फायली बदललेल्या वाटतात. शिवाय तात्पुरत्या प्रतीसाठी पलीकडे जागा लागते, पण नव्या साठवणीवर जागेची ददात नव्हती.

रोबोकॉपी: विंडोजवरची ही आज्ञा बदलाची आणि निर्मितीची अशा दोन्ही तारखा नेते. ‘जे’ या पर्यायाने ती मोठ्या फायली प्रणालीच्या कॅशेला (तात्पुरत्या स्मृतीला) वळसा घालून हलवते आणि फोल्डरांच्या तारखांसाठी वेगळा डीकॉपी पर्याय देते. पण ती विंडोज यंत्रावर चालणार, म्हणजे डेटा जुन्या सर्व्हरवरून त्या यंत्रात आणि तिथून साठवणीत, असा नेटवर्कवरून दोनदा जाणार. मुख्य कामासाठी ती बाद झाली. स्क्रिप्टमध्ये ती वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: तिचा परतीचा संकेत, म्हणजे काम संपल्यावर ती देते तो आकडा, ० नसला म्हणजे अपयश असे नाही. १ म्हणजे फायली कॉपी झाल्या. ८ किंवा त्याहून मोठा संकेत आला तरच काही तरी फसले.

टार: एका गठ्ठ्यात बांधून पलीकडे सोडणे. तारखा राहतात, पण एवढ्या मोठ्या फायलींत मधूनच काम तुटले तर कुठवर आलो ते शोधणे कठीण. यावर फार वेळ गेला नाही.

स्वतःचीच स्क्रिप्ट सुधारणे हा पाचवा मार्ग. तात्पुरते नाव, पूर्ण लेखन, फाइल बंद, आकार ताडणे, तारीख लावणे, तारीख परत वाचून पाहणे, शेवटी खरे नाव. क्रम नीट लिहिला तर उत्तम चालते. पायथनच्या शटिल मॉड्यूलमधील कॉपी२ हे फंक्शनही मजकूर आधी आणि तारीख नंतर या क्रमाने काम करते. मात्र त्यात प्रगती दाखवण्याची सोय नाही.

निवड आरसिंकची झाली. चेकसमची गरज यादीने भागवली होती आणि प्रगती आरसिंक स्वतः दाखवते. स्वतः लिहिलेल्या कॉपीच्या चक्राचे राहिलेले एकमेव समर्थन असे गळून पडले.

## दोन छोटे निर्णय, ज्यांवर वाद झाला

पहिला वाद ‘ए’ पर्यायाचा. आरसिंक म्हटले की हात आपोआप ए टंकतात. त्यात तारखा येतात, पण मालक, गट आणि परवानग्याही येतात. एसएमबी शेअरवर या गोष्टी अनेकदा लावता येत नाहीत, मग प्रत्येक फाइलमागे एक तक्रार उमटते. हजारो निरुपद्रवी तक्रारींत एक खरी तक्रार दिसत नाही. म्हणून फक्त आर आणि टी, म्हणजे उपफोल्डरांसह आणि तारखांसह, एवढेच ठेवले.

दुसरा वाद तुटलेली फाइल जिथे थांबली तिथूनच पुढे नेण्याचा. सगळ्यांना ते हवे होते. पण जोडलेला शेअर आरसिंकच्या दृष्टीने स्थानिक फोल्डरच असतो, आणि स्थानिक कॉपीत ती फरक न शोधता पूर्ण फाइल पुन्हा पाठवते. फरक शोधायला लावले तर पलीकडचा अर्धा भाग नेटवर्कवरून परत वाचावा लागतो, म्हणजे वेळेची बचत तिथेच संपते. नुसती पुढे जोडत जाण्याची सोय आहे, पण अर्ध्या भागाची खात्री नसताना ती धोक्याची. मग हिशेब केला गेला. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला फार तर १२५ एमबी, म्हणजे १०० जीबीला आदर्श स्थितीत साधारण सव्वातेरा मिनिटे. प्रत्यक्षात वीस धरा. सगळ्यात वाईट स्थितीत वीस मिनिटांचे काम पुन्हा करावे लागणार. त्यासाठी गुंतागुंत वाढवायची नाही, असे ठरले. आकडा मांडेपर्यंत तास गेला होता, मांडल्यावर वाद मिनिटभरात मिटला.

## चुकलेल्या तारखांची दुरुस्ती

ज्यांचे मूळ अजून जागेवर होते, त्या फायली पुन्हा कॉपी करण्याचे कारण नव्हते, कारण मजकूर चेकसमने सिद्ध होता. फक्त तारीख लावायची होती. टच आज्ञेला आर पर्याय देऊन एका फाइलची तारीख दुसरीवर लावता येते. आरसिंकला साइज-ओन्ली आणि टी हे दोन्ही पर्याय दिले तर आकार सारखा असलेल्या फायलींचा मजकूर न हलवता ती तारखा सुधारते. दुसरा मार्ग आकर्षक आहे, पण आकार सारखा आणि आतला मजकूर बिघडलेला अशी फाइल त्यातून सहज निसटते. इथे चेकसम हाताशी होते म्हणून ती भीती नव्हती. तरीही गटाने यादी वाचून तारीख लावणारी पंचवीसेक ओळींची वेगळी स्क्रिप्ट लिहिली, कारण तिला प्रत्येक फाइलची आधीची तारीख, नवी तारीख आणि लावल्यानंतर परत वाचलेली तारीख नोंदवता येत होती.

ती चालवण्याआधी एका सहकाऱ्याने विचारले, “तारखा बरोबर झाल्या की टेपचे काम काय करील?” प्रश्न मोलाचा होता. तारखा सुधारताक्षणी संग्रहाचा मोठा भाग एकदम ९० दिवसांहून जुना ठरणार होता. त्या रात्री ते काम सगळे टेपवर पाठवायला निघाले असते, संपादकांना हव्या असलेल्या चालू प्रकल्पांसकट. म्हणून टेपचे काम आधी बंद केले आणि नंतर फोल्डर बघून, थोडे थोडे सोडले.

बॅकअपचेही तसेच. एम-टाइम हवा तो लावता येतो, पण सी-टाइम, म्हणजे फाइलच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ, लिनक्सवर कोणत्याही नेहमीच्या मार्गाने मागे नेता येत नाही. तारीख लावणे हाच नोंदीतला बदल असल्याने सी-टाइम ‘आत्ता’ होतो. शिवाय चुकीच्या तारखेने एकदा बॅकअप झालेला होताच. दुरुस्तीनंतर एक मोठा बॅकअप होणार हे गृहीत धरून तो सुट्टीच्या दिवशी ठेवला.

फोल्डरांच्या तारखा सगळ्यात शेवटी लावल्या. फोल्डरात नवी फाइल आली किंवा एखादीचे नाव बदलले की फोल्डरचा एम-टाइम बदलतो. म्हणून आधी सगळ्या फायली, मग सर्वांत आतले फोल्डर, मग बाहेरचे.

## ज्यांचे मूळ पुसले गेले होते

हा भाग वेळखाऊ ठरला. पहिला आधार जुन्या बॅकअपच्या सूचीचा मिळाला. बॅकअप प्रणाली प्रत्येक फाइलची तारीख आपल्या सूचीत ठेवते, आणि स्थलांतराआधीच्या सूच्या अजून मोडीत निघाल्या नव्हत्या. बहुतेक तारखा तिथून परत आल्या.

उरलेल्यांसाठी फायलींच्या आत डोकवावे लागले. एमपी४ आणि त्याच घराण्यातल्या चित्रफायलींच्या शीर्षभागात निर्मितीची वेळ असते, १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत मोजलेली. कॅमेऱ्याने तिथे शून्य लिहिले असेल तर फाइल १९०४ सालची दिसते. अशा काही निघाल्या. जिथे खरी वेळ होती, तिथेही दोन अडचणी होत्या. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत असायला हवी, पण पुष्कळ कॅमेरे स्थानिक वेळच तिथे लिहून मोकळे होतात. दुसरे म्हणजे शीर्षभागातली वेळ चित्रीकरण सुरू झाल्याची असते, तर एम-टाइम शेवटचे लेखन झाल्याचा, म्हणजे चित्रीकरण संपल्याचा.

ज्या फायलींच्या दोन्ही वेळा माहीत होत्या त्यांच्यावरून प्रत्येक कॅमेऱ्याचा फरक काढता आला. शीर्षभागातली वेळ, अधिक क्लिपची लांबी, अधिक किंवा उणे त्या कॅमेऱ्याचा तासांचा फरक. ज्यांचे मूळ एम-टाइम हाती होते त्यांच्यावर हे सूत्र पडताळले तेव्हा उत्तर काही सेकंदांच्या आत येत होते. तुकड्यांचा क्रम लावायला ते पुरेसे होते.

तरी काही फायली राहिल्या, मुख्यतः संपादन सॉफ्टवेअरमधून बाहेर काढलेल्या. त्यांची आतली वेळ फार तर निर्यातीची. कार्यक्रमपत्रिकेवरून दिवस कळत होता, वेळ नाही. त्या दिवसाची दुपारी बाराची वेळ लावून मोकळे व्हावे, असा एक विचार होता. गटाने ते नाकारले. फाइलवर लावलेली तारीख पाहून ती मोजलेली की अंदाजाने ठरवलेली, हे कोणालाच कळत नाही. अंदाज यादीत वेगळ्या रकान्यात लिहिला, शेजारी तो कशावरून काढला ते लिहिले आणि फाइलची तारीख तशीच सोडली. काम पूर्ण दिसत नसले तरी हा निर्णय मला पटतो.

## पडताळणी

नव्या साठवणीची यादी पुन्हा घेऊन पहिल्या यादीशी ताडली, तर जवळजवळ प्रत्येक फाइल ‘जुळत नाही’ म्हणून समोर आली. क्षणभर सगळ्यांच्या पोटात गोळा आला असणार. कारण निरुपद्रवी होते. ईएक्सटी४ नॅनोसेकंदापर्यंत वेळ ठेवते. एसएमबीवरून वेळ जाते ती विंडोजच्या पद्धतीने, १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या एककात. शेवटचे दोन अंक वाटेत गळतात. आरसिंकला हा प्रश्न पडला नव्हता, कारण ती एरवी पूर्ण सेकंदच ताडते.

मग किती फरक चालेल ते लिहून ठरवले: एका सेकंदापेक्षा कमी असेल तर जुळले. नवी साठवण फॅट पद्धतीची असती तर दोन सेकंद ठेवावे लागले असते, कारण तिथे बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत नोंदली जाते. शिवाय एक वेगळा नियम केला. फरक नेमका पूर्ण तासांचा किंवा अर्ध्या तासाच्या पटीत असेल, तर ती फाइल बाजूला काढायची. असा फरक बहुधा कालविभागाच्या घोळातून येतो आणि मूठभर फायलींत दिसला तरी त्यामागे संपूर्ण कार्डाची चूक असू शकते.

चेकसम नव्या साठवणीवरच, तिच्या स्वतःच्या प्रणालीत चालवले. नुकतीच लिहिलेली फाइल लिहिणाऱ्या यंत्रावरून लगेच वाचली तर ती त्या यंत्राच्या स्मृतीतूनच मिळण्याची शक्यता असते.

## निकाल

न हललेल्या फायली आरसिंकने मूळ तारखांसह गेल्या. चुकलेल्यांपैकी मूळ जागेवर असलेल्या सगळ्या सुधारल्या, पुसलेल्यांपैकी बहुतेक. थोड्या फायली यादीतल्या अंदाजावर राहिल्या.

संपादकांकडून एक तक्रार तरीही आली: ‘तारखा अजून चुकीच्याच आहेत.’ त्यांच्या विंडोजच्या खिडकीत निर्मितीच्या तारखेचा रकाना उघडा होता. तिथे कॉपी झाल्याचा दिवस दिसत होता, आणि विंडोजमध्ये साधी कॉपी केली तरी तो तसाच दिसतो. लिनक्सच्या बाजूने ती तारीख लावण्याची नेहमीची सोय नाही. बदलाच्या तारखेचा रकाना वापरायला सांगून प्रश्न मिटला. निर्मितीची तारीख खरोखर हवी असलेले एकच फोल्डर होते, एका संपादकाच्या विंडोज यंत्रावरचे. ते रोबोकॉपीने हलवले.

## वेगळे काय करता आले असते

मूळ पुसण्याची अट फक्त चेकसमची होती. तिच्यात तारखेची तुलना असती, तर पहिल्याच फोल्डरला काम अडले असते आणि कॅमेऱ्यांच्या शीर्षभागांत शिरण्याची वेळ आली नसती. ती तुलना म्हणजे स्क्रिप्टमधल्या दोन ओळी. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक बदल हाच.

चाचणीच्या फायली हाताला आल्या त्या घेतल्या होत्या. त्याऐवजी मुद्दाम आकार निवडता आले असते: तुकड्याच्या नेमक्या पटीतला, पटीहून एक बाइट जास्त, एक बाइट कमी, आणि शून्य बाइटची रिकामी फाइल. यातली एक बाइट जास्त असलेली फाइल बफरचा दोष पहिल्या मिनिटाला दाखवते.

टेपच्या रिकाम्या रांगेबद्दल कोणी विचारले नाही, यावर चर्चेत बराच भर होता. मला त्यात फारसे काही दिसत नाही. स्थलांतर चालू असताना दहा गोष्टी वेगळ्या दिसतात आणि प्रत्येकीचा पाठपुरावा शक्य नसतो. तारखेवर कोण कोण अवलंबून आहे याची चार ओळींची नोंद कामाआधी केली असती, तर रिकामी रांग पाहून अर्थ लागला असता.

क्रमासाठी तारखेवर विसंबायचेच कशाला, फायलींच्या नावातच चित्रीकरणाचा दिवस आणि वेळ का घालू नये, हा प्रश्न शेवटच्या बैठकीत निघाला. नव्या कार्डांसाठी तसे करायचे ठरले. कार्डावरून फायली उतरवणारी स्क्रिप्ट आता नाव बदलते आणि त्याच वेळी यादीत ओळ लिहिते. जुन्या संग्रहाला मात्र संपादकांनी हात लावू दिला नाही. त्यांचे वर्षानुवर्षांचे संपादन प्रकल्प फायलींना नावाने ओळखतात, नाव बदलले की प्रत्येक प्रकल्पातले दुवे तुटतात. म्हणून जुन्या फायली ‘क्लिप ०००१’ याच नावाने आहेत, आणि त्यांच्या तारखांची यादी साठवणीच्या मुळाशी, फक्त वाचता येईल अशी ठेवली आहे. दर महिन्याला एक छोटी स्क्रिप्ट त्या यादीशी तारखा ताडून फरकाच्या ओळी पाठवते.